शांत झालेलं इंजिन

१२ मार्च

मिस्त्री,

फोनच करणार होतो, पण तुमच्याकडची लाईन म्हणजे शुद्ध भंगार. मागच्या खेपेला तू बराच वेळ काहीतरी पुटपुटत होतास आणि मी आपला "हो, हो" म्हणत होतो. काय काय कबूल करून बसलोय देव जाणे! म्हणून म्हटलं, कागदच बरा. तुझ्या ताईला हसू येतंय. लग्नाआधी मला कधी एक ओळ लिहिली नाहीत आणि आता माझ्या भावाला पत्रं, असं काहीतरी म्हणाली असावी. तोंड तरी तसंच होतं.

तर बातमी अशी, की माझं इंजिन, म्हणजे आमची शिट्टी, तुमच्या कारखान्यातून परत आली. ती नव्हती तेवढे महिने मला यार्डात जुन्या शंटिंगच्या इंजिनावर बसवलं होतं. जन्मभर प्रवासी गाडी ओढणारा माणूस मी, आणि दिवसभर रिकामे डबे इकडून तिकडे ढकलत होतो. त्यात सर्दी झाली, कानांना दडे बसले. पण ते जाऊ दे.

अरे, काय केलंस काय तू तिला? मालगाडीचं इंजिन बरं, गाडी थांबली की आपलं घुरघुरत पडून राहतं. आमच्या बाईसाहेब पडल्या खास प्रवाशांसाठी घडवलेल्या. मागच्या डब्यांतले दिवे, पंखे, हीटर, सगळं हिच्याच डिझेलवर. म्हणजे फलाटावर उभी असली तरी धावत असल्यासारखी बोंबलत राहणार. लोक कानात बोटं घालून पळायचे. चहावाला साखर हवी का ते खुणेनं विचारायचा. आणि वर ती टर्बोची शिट्टी, डोक्यातून आरपार जाणारी, जिच्यामुळे या जातीच्या सगळ्याच इंजिनांचं नाव शिट्टी पडलं.

परवा चढलो तिच्यावर, आणि विश्वास ठेव, शिट्टी नाहीच! नुसती घुर्र घुर्र, तीही बंद दाराआडून यावी तशी. तू छपराखाली जो नवा सायलेन्सरचा डबा बसवलास ना, त्याचीच ही करामत. मी ड्रायव्हरांच्या खोलीत सगळ्यांना सांगितलं, माझ्या मेहुण्यानं केलंय म्हणून. छाती अशी फुगली होती की शर्टाचं बटण जायचं बाकी होतं.

माझा जोडीदार भोंगा मात्र तोंड वाकडं करून बसलाय. म्हणतो, "उस्ताद, काही फरक नाही." याला भोंगा नाव पडलं ते त्याच्या आवाजामुळे. एके काळी इंजिनापेक्षा हाच जास्त ओरडायचा. दुसऱ्याचं बरं झालेलं पाहवत नाही काही लोकांना.

निवृत्तीला आता थोडीच वर्षं राहिलीत. ती या शांततेत जाणार असतील तर तुझ्या पाया पडायला हवं. पण तू पडलास लहान, तेव्हा पाठ थोपटण्यावर भागव.

तुझा दाजी

२० मार्च

दाजी, नमस्कार.

तुमचं पत्र आलं आणि दिवसभर माझे पाय जमिनीवर नव्हते. बायकोला वाचून दाखवलं, शेजारच्या बाकावरच्या वेल्डरलाही दाखवलं. आमचे साहेब त्या डब्याला "भांड्यांचं कपाट" म्हणतात. छपराखाली जागा इतकी कमी की डबा वाढवायची सोयच नाही. शेवटी मी आतल्या पत्र्यांची वळणं बदलली आणि अस्तर घातलं. वाटलं होतं, फार तर थोडा घुमारा कमी होईल. तुम्ही म्हणता तसं काही होईल असं स्वप्नातही आलं नव्हतं.

पण दाजी, एक गोष्ट खटकतेय, आणि मी पडलो संशयी. माझा डबा आहे धुराच्या वाटेवर. शिट्टी धुराची नसते. टर्बो बाहेरची हवा आत खेचतो, ती शिट्टी त्या बाजूची. माझा डबा तिला हातही लावू शकत नाही. तेव्हा शिट्टी गेली असेल तर ती माझ्या कर्तबगारीनं गेलेली नाही. टर्बो मंद फिरत असेल, बेअरिंग जायला आलं असेल. तसं असेल तर इंजिन चढावर दम टाकेल, काळा धूर ओकेल आणि एक दिवस भरल्या गाडीसकट मध्येच बसेल.

रागावू नका. स्वतःची तारीफ स्वतःच खोडणारा मूर्ख मी एकटाच असेन. पण शेडमध्ये टर्बो उघडून बघायला सांगाच.

साहेबांच्या कानावर तुमचं म्हणणं घातलंय. ते म्हणाले, ड्रायव्हर लिहून देत असेल तर बाकीच्या शिट्ट्यांनाही हाच डबा बसवू. टर्बो ठीक निघाला तर दोन ओळी लिहून पाठवा. ताईला सांगा, उन्हात बाहेर फिरताना डोक्याला काहीतरी बांधत जा.

तुमचा,
मिस्त्री

२ एप्रिल

मिस्त्री,

घे, झालं तुझ्या मनासारखं! शेडमध्ये टर्बो उघडला. बेअरिंग ठणठणीत. चढावर पूर्ण गाडी घेऊन गेलो, सगळे डबे, सगळे पंखे चालू, तरी बाईसाहेबांनी हूं की चूं केलं नाही. काळा धूर औषधालाही नाही. शेडचा फिटर मला म्हणतो, "उस्ताद, शिट्टी तर वाजतेय." मी म्हटलं, बाबा, तुझ्या डोक्यात वाजत असेल. दिवसभर त्या पत्र्याच्या छपराखाली राहून यांचे कान कामातून गेलेत.

तुझ्या साहेबांसाठी वेगळा कागद जोडलाय. चांगला मजकूर लिहिलाय, "अद्भुत" हा शब्दही घातलाय.

आता इकडची गंमत. हे इंजिन शांत झाल्यापासून सगळं जगच शांत झालंय बघ. तुझी ताई आता भांडत नाही. सकाळी उठल्याबरोबर जी सुरू व्हायची ती आता कशी हळू, मऊ बोलते. उतारवयात माणसाला शहाणपण येतं म्हणतात ते खोटं नाही. नातही मोठी झाली तशी लाजाळू झाली. पूर्वी शाळेतल्या कविता घर डोक्यावर घेऊन म्हणायची, आता नुसते ओठ हलवते.

भोंग्याचं मात्र काहीतरी बिनसलंय. आमचा रिवाज तुला माहीत आहे: सिग्नल ज्याला आधी दिसेल त्यानं रंग मोठ्यानं म्हणायचा आणि दुसऱ्यानं तोच परत म्हणायचा. दोघांच्या तोंडून एकच रंग निघाला तर गाडी पुढे. हल्ली हा तोंडातल्या तोंडात म्हणतो. म्हटलं, गुळणी धरली आहेस का? तर आता रंग म्हणताना हातही वर करतो. हिरव्याला उघडा पंजा, लालला मूठ. नाटकी कुठला!

आणि गेल्या आठवड्यात एक भयंकर प्रकार झाला. एका वळणावर भोंग्यानं एकदम आणीबाणीचा ब्रेक ओढला. पुढे रुळांचं काम चालू, माणसं उड्या मारून बाजूला होतायत. त्यांचा मुकादम अंगावर धावून आला, म्हणे आम्ही केव्हापासून शिट्ट्या फुंकतोय. कसल्या शिट्ट्या? एक वाजली नाही. मी तिथल्या तिथे तक्रार केली. माणसं रुळावर आणि यांना इशारा द्यायची शुद्ध नाही! मुकादमाला चौकशी होईपर्यंत घरी बसवलंय. बसू दे. अशा बेफिकीर लोकांमुळेच जीव जातात.

तुझा दाजी

९ एप्रिल

धाकट्या,

तुझ्या दाजींच्या नकळत लिहितेय. फोन केला असता, पण फोन बाहेरच्या खोलीत आणि हे त्याच्या शेजारच्या खुर्चीत. मी काय बोलते ते यांना ऐकू जाणार नाही, हे मला पक्कं माहीत आहे. म्हणूनच बोलवत नाही. माणूस समोर पेपर वाचत बसलेला, आणि आपण त्याच्याबद्दलच बोलायचं. माझ्यानं नाही होणार.

मी मऊ झाले म्हणे! हे तुला लिहिलं ते मला मोठ्या कौतुकानं वाचून दाखवलं. अरे, ओरडून ओरडून माझा घसा बसलाय म्हणून मऊ. परवा शेजारीण येऊन हळूच विचारून गेली, सगळं ठीक आहे ना घरात? म्हटलं, बाई, भांडण नव्हतं, साखर संपली एवढंच सांगत होते. लोक या कानानं ऐकतात आणि त्या कानानं सोडतात. यांचं दुकान पहिल्या कानालाच बंद.

नातीचं ऐकायचंय? ती यांच्या मांडीवर बसून कविता म्हणायची आणि हे तिच्या तोंडाकडे बघत मान डोलवायचे. एक दिवस ती मध्येच थांबली, आणि हे डोलवतच राहिले. पोर माझ्याकडे बघायला लागली. आता ती मुद्दाम आवाज न काढता ओठ हलवते, आजोबांना कळतं का ते बघायला. मी तिला रागावले आणि आत जाऊन रडले.

दर वर्षी यांची तपासणी होते, पण ती कशी ते विचारू नकोस. डॉक्टर समोर बसून विचारतात, "ऐकू नीट येतं ना?" हे त्यांच्या तोंडाकडे बघून सांगतात, "एकदम!" झाली तपासणी.

मी कुणाला काही बोलले नाही, कारण हे एवढ्या खात्रीनं सांगतात की इंजिनच शांत झालंय, कारखान्यात तू काहीतरी केलंस. मला इंजिनातलं काही कळत नाही. तू सांग, ते खरंच शांत झालंय का रे? झालं असेल तर मीच वेडी, आणि मला आनंदच होईल. नसेल तर हे दररोज एवढी माणसं घेऊन जातात, आणि मी रोज दारात उभी राहून त्यांना डबा देते. मग माझाही त्यात हात आहे.

तुझी ताई

२१ एप्रिल

दाजी, नमस्कार.

हे पत्र एकटे असताना वाचा.

आधी कामाचं सांगतो. तुमच्या कागदावर विसंबून आम्ही आणखी एका शिट्टीला तोच डबा बसवला. तिचा ड्रायव्हर म्हणाला, "ठीक आहे, फार काही नाही." साहेबांनी आवाज मोजायचा मीटर आणला. घुमारा किंचित कमी भरला. शिट्टी जशीच्या तशी. मला वाटलं, एका इंजिनावर जमलं आणि दुसऱ्यावर फसलं, असं कसं? म्हणून स्वतःच्या कानांनी ऐकायला गेलो.

तुमची गाडी मधल्या जंक्शनला थांबते, तिथे गेल्या रविवारी मी होतो. फलाटाच्या टोकाला, जिथे इंजिन येऊन उभं राहतं, तिथे. तुमची शिट्टी आली आणि उभी राहिली. दाजी, ती पूर्वीइतकीच ओरडत होती. माझ्या शेजारच्या बाईनं पदरानं बाळाचे कान झाकले. टर्बोची शिट्टी अशी होती की माझे दात शिवशिवले.

तुम्ही खाली उतरून चाकांपाशी वाकला होतात. मी मागून हाक मारली. मग आणखी जोरात मारली. लांब खांबाशी उभा असलेला हमाल वळला. वर केबिनच्या खिडकीतून भोंगा वळला, त्यानं मला ओळखलं. तुम्ही वळला नाहीत. मग गार्डनं शिट्टी दिली. तुम्ही तसेच वाकलेले. भोंगा खाली उतरला, तुमच्या खांद्यावर हात ठेवला, तेव्हा तुम्ही वर चढलात. वर जाताना त्यानं माझ्याकडे बघून फक्त मान हलवली. तो नाटकी नाही, दाजी. तो तुम्हाला सिग्नल हातानं दाखवतोय, कारण तोंडानं सांगून पोचत नाही.

पुढे येऊन भेटायला हवं होतं. पण तिथे तुम्हाला हे सांगायचं तर ओरडून सांगावं लागलं असतं, आणि अख्ख्या फलाटानं ऐकलं असतं. म्हणून गाडी जाऊ दिली.

इंजिन शांत झालेलं नाही. त्या मुकादमाच्या माणसांनी शिट्ट्या फुंकल्या होत्या. फोनची लाईनही चांगली आहे.

मी ऑफिसात एक शब्द काढलेला नाही. तुम्ही स्वतः कान तपासून घ्या. तुमच्याच हाताखाली नट आवळायला शिकलो मी, तुम्हाला हे लिहिताना माझी काय गत झाली ते सांगत बसत नाही.

तुमचा,
मिस्त्री

२५ एप्रिल

वा रे मिस्त्री!

तुझा डबा फसला, साहेबांपुढे नाक कापलं गेलं, तर लगेच माझे कान खराब? नाचता येईना अंगण वाकडं! आणि चोरासारखा फलाटावर लपून माझ्यावर पाळत ठेवतोस? समोर यायची हिंमत नाही आणि पत्रात शहाणपण शिकवतोस?

ही इंजिनं कोरी करकरीत आली, अंगावरचा रंग हाताला लागायचा, तेव्हापासून मी त्यांच्यावर आहे. आजवर एकही लाल सिग्नल ओलांडलेला नाही. एकही. ऐकू येत नसतं तर हे झालं असतं?

आणि उद्या मला खाली उतरवलं तर मी करायचं काय, याचा विचार केलास? पिशवी घेऊन भाजी आणायला जाऊ? दुपारी ओट्यावर बसून गाड्या मोजू? माझ्याकडे दुसरं काही नाही रे. तुला ते माहीत आहे आणि तरी लिहिलंस.

यापुढे पत्र नको.

दाजी

३ मे

धाकट्या,

तुझं पत्र मी वाचलं. यांनी ते चुरगळून कोपऱ्यात टाकलं होतं, मी सरळ केलं. तुझ्यावर रागावले नाही मी. उत्तर मिळालं.

घरात अबोला आहे. गंमत बघ, यांनी अबोला धरलाय हे मला संध्याकाळपर्यंत कळलंच नाही. हल्ली आमच्यात बोलणं असं उरलंय कुठे? मग काल मी स्वयंपाकघरात होते आणि बाहेर रेडिओ लागला. आवाज वाढत गेला, वाढत गेला. भांडी थरथरायला लागली. बघते तर हे रेडिओला कान लावून बसलेत, एक हात बटणावर, डोळे मिटलेले. मला बघितलं आणि बंद केला. "बिघडलाय," म्हणाले. मी म्हटलं, हो, बिघडलाय. काय म्हणणार?

आता मला एकच सांग. तू ऑफिसात कळवणार आहेस का? कळवलंस तर मी तुझ्याशी जन्मात बोलणार नाही. नाही कळवलंस तर मला झोप लागणार नाही. दोन्ही खरं आहे, आणि तू धाकटा असलास तरी निस्तरायचं तुलाच आहे, कारण यांच्या डोक्यात त्या डब्याचं खूळ तुझ्यामुळेच शिरलं.

हे घरी असावेत असं मला कित्येक वर्षं वाटत आलंय. पण कुणीतरी ओढून खाली उतरवलेले मला नकोत. आपण होऊन उतरलेले हवेत. एवढं जमव.

ताई

८ मे

दाजी,

पत्र नको म्हणालात तरी लिहितोय. न वाचता फाडलंत तर ताई चिकटवेल, ती तशी चिवट आहे.

अंगण वाकडं म्हणालात ना? चला, अंगण मोजूया. यार्डात शिट्टी उभी करा, मागे काही जोडू नका, इंजिन चालू ठेवा. तुम्ही तुमच्या जागेवर समोर तोंड करून बसा. भोंग्याला मागे उभं करा. तो मनात येतील ते रंग मोठ्यानं म्हणेल, तुम्ही तेच परत म्हणायचे. तुमचाच रिवाज, मी नवीन काही सांगत नाही. फक्त त्यानं हात वापरायचा नाही, आणि तुम्ही मागे वळायचं नाही.

सगळे रंग बरोबर आले तर मी येतो, सगळ्यांसमोर तुमची माफी मागतो आणि माझा डबा स्वतःच्या हातानं काढून भंगारात टाकतो.

चुकले तर पुढचं काय ते तुम्ही ठरवा. महिनाअखेरपर्यंत मी तोंड उघडणार नाही. त्यानंतर मला उघडावं लागेल, दाजी. मग तुम्ही उरलेलं आयुष्य माझं तोंड बघितलं नाहीत तरी मी समजेन. हे धमकी म्हणून लिहीत नाही. मला दुसरा मार्ग दिसत नाही, दिसत असला तर तुम्ही सांगा.

तुमचा,
मिस्त्री

२६ मे

मिस्त्री,

तुझं पत्र फाडणारच होतो. ताईनं ते घडी करून माझ्या जेवणाच्या पिशवीत घातलं, रोज. रोज मी ते तसंच परत आणायचो आणि दुसऱ्या दिवशी ते पुन्हा पिशवीत. शेवटी तिच्या हट्टाला कंटाळून वाचलं आणि यार्डात गेलो. म्हटलं, एकदाचं तुझं तोंड बंद करून टाकू.

तू म्हणालास तसंच सगळं केलं. शिट्टी एकटी उभी, इंजिन पूर्ण जोरात. मी समोरच्या काचेकडे तोंड करून बसलो. भोंग्याला म्हटलं, मागे उभा राहा आणि रंग म्हण, हात खाली. तो म्हणाला, "राहू द्या ना, उस्ताद." म्हटलं, म्हण. आणि बसलो वाट बघत.

काचेवर एक माशी चालत होती. तिच्याकडे बघत बसलो. बराच वेळ गेला. मला वाटलं, हा लाजतोय, किंवा चेष्टा करतोय. आणखी थोडा वेळ दिला. मग वैतागलो आणि वळून ओरडलो, "अरे, सुरू कधी करतोस?"

भोंगा माझ्या पाठीशी उभा होता, हातभर अंतरावर. चेहरा लालबुंद, गळ्याच्या शिरा फुगलेल्या, डोळ्यांतून पाणी. तो तेव्हाही म्हणतच होता. तोंड दिसलं तेव्हा मला कळलं. लाल म्हणत होता. लाल, लाल, लाल.

मी इंजिन बंद केलं. भोंग्यानं माझ्या तोंडासमोर येऊन सावकाश सांगितलं, की माझे कान जायला लागले त्याला वर्ष होत आलं. त्याला वाटलं होतं, निवृत्तीपर्यंत हातानं निभावून नेऊ. म्हणजे एवढे दिवस ती सगळी गाडी त्या एका हातावर चालत होती, आणि मी त्याला नाटकी म्हणत होतो. आधी त्याच्यावर भडकलो. मग त्याच्या गळ्यात पडलो. बाकीचं लिहीत नाही.

तिथून आधी मुकादमाच्या घरी गेलो. तक्रार मागे घेतोय, चूक माझी होती, असं त्याला दारातच सांगितलं. तो फारसं काही बोलला नाही. किंवा बोललाही असेल.

मग साहेबांकडे गेलो आणि सांगून टाकलं. इथले साहेब भला माणूस. त्यांनी मला बसवलं, पाणी दिलं आणि कागदावर लिहून दाखवलं: एवढी घाई कशाला? आठवडाभरात तुमची शेवटची फेरी करू. आमच्यात ती पद्धत आहे, तुला माहीत आहे. इंजिनाला हार, घरची माणसं पहिल्या डब्यात, प्रत्येक स्टेशनवर लोक हात हलवतात. भोंगा शेजारी असेलच, त्यांनी लिहिलं, एका फेरीनं काय होतंय? कान मग तपासू.

खोटं कशाला बोलू, मोह झाला. आयुष्यभर दुसऱ्यांच्या शेवटच्या फेऱ्यांना हात हलवलाय मी. माझ्या वेळी ताई आणि नात खिडकीत बसतील, नात मान बाहेर काढून बघेल, हे किती वेळा मनात रंगवलं होतं. तेच डोळ्यांपुढे आलं, पहिल्या डब्यातली ती खिडकी. आणि साहेबांना म्हटलं, नको. मागे डबे असणार.

त्यांनी पुन्हा काहीतरी लिहायला पेन उचललं. मी ते त्यांच्या हातातून काढून घेतलं आणि गाडीवरून आजच उतरतोय अशा कागदावर सही केली.

तेव्हा माझी शेवटची फेरी यार्डातच झाली म्हणायची, जागचं एक इंचही न हलता. शिट्टी आता भोंग्याकडे. त्याला सांगितलंय, मेहुण्याचा डबा काढू देऊ नकोस, घुमारा थोडा कमी झालाय तोही काही वाईट नाही. तुझ्यावरचा राग गेला असं म्हणणार नाही, थोडा आहे अजून. पण समोर आलास तर पाठ करणार नाही. येताना जरा सावकाश आणि माझ्याकडे बघून बोल. कानांच्या डॉक्टरकडे पुढच्या आठवड्यात जायचंय, बघू काय यंत्र देतात.

त्या दिवशी घरी पोचलो ती माझी यायची वेळ नव्हती. ताई दारातच उभी होती. माझ्याकडे बघून काहीतरी म्हणाली. नेहमीसारखी मान हलवून आत जाता आलं असतं. मी चप्पल तिथेच काढली आणि म्हटलं, "मला ऐकू आलं नाही गं. पुन्हा सांग."

हे मी तिला आजवर कधी म्हटलं नव्हतं. ती ढसाढसा रडायला लागली. मग पदरानं डोळे पुसले, जवळ आली, माझ्या कानाला तोंड लावलं आणि म्हणाली, "हातपाय धुवा. जेवायला वाढते."

तुझा दाजी